दिंडीत विणेकरी मागे का चालतो?



या महिन्याच्या चिंतनासाठी विषय शोधावा लागला नाही. तो आपण होऊन दारी आला. गेल्या आषाढात आमची दिंडी नागपुराहून धापेवाड्याला निघाली होती. वीणा माझ्या गळ्यात होती. दिंडीतला एक शाळकरी मुलगा माझ्या बाजूला चालत होता. त्याने एकदम विचारले, "आबाजी, तुमी दिंडीचे मुख्य ना? मंग साऱ्याईच्या मांगं कायले चालता? मुख्य मानूस तं समोर पाह्यजे!" मी हसलो आणि म्हणालो, "वीणा मांगंच असते, बेटा. रीतच हाये तशी." पोराचे समाधान झाले असेल, पण माझे काही झाले नाही. चाळीस वर्षे दिंडीत चाललो, त्यातली पुष्कळ वर्षे वीणा वाहिली. आणि एका पोराने रीतीचे कारण विचारताच मला रीतच सांगावी लागली, कारण सांगता आले नाही! तेव्हापासून हा प्रश्न मनात घोळतो आहे. त्यावर जे सुचले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आता दिंडीची रचना डोळ्यांपुढे आणा. सर्वांत पुढे भगव्या पताका. त्यांच्यामागे टाळकऱ्यांच्या ओळी. मध्ये मृदंग. टाळकऱ्यांच्या मागे विणेकरी, आणि त्याच्यामागे डोईवर तुळशी-वृंदावन आणि पाण्याची घागर घेतलेल्या मायबहिणी. म्हणजे सर्वांपुढे काय आहे? माणूस नाही, पताका आहे. आणि ज्याच्या शब्दावर दिंडी उठते-बसते, ज्याने अभंग धरल्यावर बाकीच्यांनी उचलायचा, तो मागे आहे. जगात ज्याला 'पुढारी' म्हणतात तो नावाप्रमाणेच पुढे असतो. आपला पुढारी मागे असतो. ही गोष्ट पूर्वजांनी उगाच केली असेल काय?

पुढारपण म्हणजे काय?

या प्रश्नाचे उत्तर मला ग्रंथात मिळण्याआधी चिखलात मिळाले होते. ते सांगतो, मग ग्रंथाकडे वळू.

धापेवाडे आपल्या नागपूर जिल्ह्यात, कळमेश्वर तालुक्यात आहे. तिथल्या नदीलाही चंद्रभागाच म्हणतात, आणि तिच्या काठी विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर आहे. कोलबास्वामींच्या नावाने ते क्षेत्र प्रसिद्ध आहे. लोक त्याला विदर्भाची पंढरी म्हणतात. ज्यांना पंढरपूर घडत नाही, ते आषाढात तिथे जाऊन विठ्ठलाच्या पायी डोके ठेवतात.

मी नवाच विणेकरी झालो होतो, त्या वर्षीची गोष्ट. वाटेत पावसाने गाठले. काळ्या मातीचा चिखल; पाय उचलला तर वहाण खालीच राहते! मनात आले, आता वेळेवर पोचले पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिंड्या आधी लागतील आणि आपला मान जाईल. मी वीणा घेऊन पुढे झालो आणि झपाझप चालू लागलो. तरणी पोरे माझ्याबरोबर आली. आम्ही मंदिरापाशी पोचलो, जयजयकार केला. मला मोठी धन्यता वाटली.

दोन-अडीच तासांनी आमच्या दिंडीतली एक म्हातारी माय दोघींच्या आधाराने आली. गुडघ्यापर्यंत चिखल. डोईवरची तुळस मात्र तशीच्या तशी. तिने आधी तुळस खाली ठेवली, मग माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "बुवा, तुमी तं पोचले. पन दिंडी कुठी हाये?"

एवढेच बोलली. रागावली नाही, रडली नाही. पण सांगतो, आजतागायत इतके मोठे कीर्तन मी ऐकलेले नाही. मी पोचलो होतो, दिंडी पोचली नव्हती. मान मिळवण्यासाठी मी धावलो, आणि ज्यांच्यामुळे तो मान होता त्यांनाच चिखलात सोडून आलो. विणेकऱ्याच्या मागे फक्त तुळस आणि घागर असते. म्हणून जो शेवटचा, जो थकलेला, त्याची चाल विणेकऱ्याला ऐकू आली पाहिजे. पुढे असणाऱ्याला मागचे दिसत नाही. मागे असणाऱ्याला सर्व दिसते. मुलाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे.

आता ग्रंथ काय म्हणतो ते पाहू. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की, श्रेष्ठ माणूस जसे वागतो तसेच बाकीचे लोक वागतात. तिथे 'लोकसंग्रह' हा शब्द येतो. माउलींनी ज्ञानेश्वरीत त्याचा विस्तार केला आहे. लोकसंग्रह म्हणजे लोक गोळा करणे नव्हे, बरे का! गर्दी तर डोंबाऱ्याच्या खेळालाही जमते. लोकसंग्रह म्हणजे लोकांना सांभाळून वाटेवर ठेवणे. सांभाळणारा स्वतः वाट सोडील तर मागचेही सोडतील, म्हणून ज्ञान्यानेही कर्म टाकू नये, असा तिथला भाव आहे. माझ्या बाबतीत तेच झाले नाही का? मी धावलो म्हणून तरणी पोरे धावली. त्यांना दोष कसा द्यावा? त्यांनी वीणा पाहिली आणि तिच्यामागे गेली.

आपल्या संप्रदायाने हे तत्त्व पुस्तकात ठेवले नाही, ते रीतीत उतरवले. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्याचे उदाहरण घ्या. आजचे त्याचे स्वरूप हैबतबाबा आरफळकरांनी १९ व्या शतकात बसवले. बाबा पूर्वी शिंद्यांच्या पदरी सरदार. लष्करी शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. ती शिस्त त्यांनी सोहळ्याला दिली. कोणती दिंडी रथापुढे, कोणती रथामागे, सर्व ठरलेले. आता मुक्कामी समाज-आरतीच्या वेळी काय होते ते पाहा. चोपदार चांदीची चोप वर करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. परंतु एखाद्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल तर ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिथे जातात, विचारपूस करतात, निवाडा होतो, मग टाळ थांबतो. ज्याच्या हाती चोप आहे, त्याने आधी ज्याचा टाळ थांबला नाही त्याचे ऐकायचे! लष्करात हुकूम सुटला की शिपायाने गप्प बसायचे. त्याच लष्करातून आलेल्या माणसाच्या सोहळ्यात गाऱ्हाणे सांगणाऱ्याला आवाज करण्याची मुभा आहे. हुकूम आणि दया यांचा असा मेळ क्वचितच पाहायला मिळतो.

आणि या हैबतबाबांची जागा कुठे? आळंदीला महाद्वारात, पायरीशी. पंढरपुरी नामदेवरायांची जागाही महाद्वारी पायरीचीच. आमच्या थोरांनी सिंहासन मागितले नाही, पायरी मागितली. लोकांचे पाय लागावेत आणि लोक वर चढावेत, हेच पायरीचे काम. पुढारपणाची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही.

शिकणे म्हणजे काय?

आता दुसरा मुद्दा. कोणी म्हणेल, "बुवा, हे ठीक आहे, पण पुढारी शिकलेला तर पाहिजे की नाही?" पाहिजेच. प्रश्न एवढाच, की शिकलेला कोणाला म्हणावे.

आपल्या नागपुरातलेच उदाहरण घेऊ. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. २००५ साली त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. शाळा म्हणाल तर मराठी तिसरी-चौथीपलीकडे नाही. हाती खंजिरी. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभारले. १९४२ च्या चळवळीत ब्रिटिश सरकारने पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले. १९५५ साली जपानमध्ये विश्वधर्म परिषदेला गेले. 'ग्रामगीता' लिहिली, ती ४१ अध्यायांची. १९६८ साली गुरुकुंजातच देह ठेवला.

दुसरे पाहा. अमरावतीचे विद्यापीठ १९८३ सालचे. त्याला नाव संत गाडगेबाबांचे. बाबा १८७६ साली शेंडगावला परिटाच्या घरी जन्मले. शाळा मुळीच नाही. १९०५ साली घर सोडले. हाती खराटा, डोईवर गाडगे. गावात आले की आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडायची. कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत. मुलांना शिकवा, हे त्यांचे पालुपद. पोटाला चिमटा घ्या, पण पोराला शाळेत घाला, असे ते कळवळून सांगत.

विचार करा, आपल्या विदर्भातली ही दोन विद्यापीठे, आणि दोन्हींना नावे अशा संतांची, की ज्यांना त्या विद्यापीठांच्या पहिल्या वर्गातही प्रवेश मिळाला नसता! दर वर्षी हजारो मुले पदवी घेतात आणि त्या कागदावर ज्यांचे नाव असते त्यांच्यापाशी पदवी नव्हती. ही थट्टा नव्हे. यावरून शाळेची गरज नाही, असा अर्थ कोणी काढू नये. गाडगेबाबांनीच तो काढू दिला नसता. त्यांनी तर पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ज्याला शाळा मिळाली नाही त्यालाच शाळेचे मोल कळले.

मग या दोघांचे शिक्षण कोणते? गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. प्रणिपात म्हणजे वाकणे. परिप्रश्न म्हणजे खोदून विचारणे. सेवा म्हणजे राबणे. आम्ही वाकतो पुष्कळ, विचारतो थोडे आणि राबतो त्याहून थोडे. त्या शाळकरी मुलाने परिप्रश्न केला आणि मी त्याला रीत सांगून गप्प केले. तेव्हा शिकणारा तो होता, आणि शिकवण्याच्या जागेवर बसून न शिकलेला मी होतो.

ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय काढा. ज्ञान्याची लक्षणे सांगायला माउलींनी शेकडो ओव्या खर्च केल्या आहेत. पण त्या यादीत पहिले लक्षण कोणते? व्याकरण नाही, पाठांतर नाही, वक्तृत्व नाही. पहिले लक्षण अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणे. दुसरे अदंभित्व, म्हणजे केलेल्याचा डांगोरा न पिटणे. पहिल्याच पायरीवर आमचे निम्मे बुवा अडकतात, आणि त्यात हा लिहिणाराही आहे.

शिकलेपण आणि अमानित्व एकत्र नांदत नाही, असेही कोणी समजू नये. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यासक्रम, आणि विद्यार्थी माधुकरी मागून शिकत. झोळी घेऊन दारोदार जाताना ज्याची मान ताठ राहील तो ओवी काय समजणार? म्हणून अभ्यासात ग्रंथ आणि झोळी दोन्ही होती. त्याच जोग महाराजांचे शिष्य सोनोपंत दांडेकर. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि त्याच वेळी नेमाचे वारकरी आणि कीर्तनकार. कॉलेजात खुर्ची आणि वाळवंटात माती, दोन्हीकडे माणूस एकच. विद्या पचली म्हणजे अशी दिसते.

हे सारे कशासाठी?

तिसरा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तो बोलण्यापेक्षा करण्याचा आहे. आजची तरणी मुले विचारतात, "आबाजी, जगायचं कायच्यासाठी?" नोकरी लागली, घर झाले, गाडी झाली, तरी रात्री झोप नाही. त्यांना हसू नका. हा प्रश्न अर्जुनाचाच आहे. फक्त रथ बदलला.

माउलींनी गीतेवरचे एवढे निरूपण संपवले आणि शेवटी देवापाशी पसायदान मागितले. त्यात स्वतःसाठी काय मागितले? नीट पाहा, काही नाही. जे मागितले ते सर्वांसाठी, आणि त्यातही आधी दुष्टांसाठी. त्यांचा नाश नव्हे, त्यांच्या मनाचा वाकडेपणा जावा म्हणून. वयाच्या एकविसाव्या वर्षी ज्याने समाधी घेतली, ज्याला समाजाने लहानपणी वाळीत टाकले, त्याचे हे मागणे. जगण्याचे प्रयोजन यापेक्षा वेगळे शोधायला कुठे जायचे? ज्याचे मागणे आपल्यापुरते, त्याचे समाधानही आपल्यापुरते. ते लवकर संपते. ज्याचे मागणे सर्वांचे, त्याला रोज काम आहे आणि रोज समाधान आहे.

गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या, घाट बांधले, अन्नछत्रे काढली, पण त्यात घरच्यांचा हक्क ठेवला नाही. सर्व लोकांच्या हाती सोपवले. १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीच्या वाटेवर, प्रवासातच त्यांचा देह पडला. मागे इस्टेट लोकांची, आणि घरच्यांसाठी फक्त नाव.

हे वाक्य मी कीर्तनात पुष्कळदा बोललो. टाळ्याही घेतल्या. पण ज्या दिवशी ते माझ्या अंगावर आले, त्या दिवशी घशाला कोरड पडली. तेवढे सांगून थांबतो.

माझे गुडघे आता साथ देत नाहीत. वीणा कोणाला द्यावी, हा प्रश्न उभा राहिला. माझा मुलगा शिकलेला आहे, पदवीधर आहे. गळा गोड. चाली पाठ. लोकही म्हणाले, "बुवा, घरची वीणा घरीच राहू द्या." माझ्याही मनात तेच होते, खोटे कशाला बोलू? दुसरा एक गडी दिंडीत आहे. गिरणीत कामाला होता, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करून घर चालवले. अक्षरओळख मोठेपणी झाली, ज्ञानेश्वरी बोट ठेवून वाचतो. आवाज साधाच. पण मुक्कामी पोचल्यावर हा कधी आधी बसत नाही. उलट रस्त्यावर जाऊन उभा राहतो आणि माणसे मोजतो. कोण आले, कोण राहिले, कोणाच्या पायाला फोड आला, सारे त्याला ठाऊक. त्या चिखलाच्या दिवशी म्हाताऱ्या मायला आणायला उलट पावली गेलेला तोच होता.

महिनाभर मला झोप नव्हती. तीन अध्याय तीन साक्षीदारांसारखे समोर उभे राहत. तिसरा विचारी, लोकांना कोण सांभाळतो? चौथा विचारी, सेवा कोण करतो? तेरावा विचारी, मान कोणाला नको आहे? आणि तिन्ही उत्तरांना नाव एकच येई, ते माझ्या मुलाचे नव्हते.

शेवटी सर्व मंडळींसमोर मी वीणा उतरवली. आपली रीत तुम्हांला ठाऊक आहे. वीणा खाली ठेवायची नाही. गळ्यातून गळ्यात द्यायची. घेणारा वीणेला आणि देणाऱ्याला नमस्कार करतो, देणाराही घेणाऱ्याच्या पायाला हात लावतो. मी त्याच्या पायाशी वाकलो, तेव्हा तो मागे सरकला आणि म्हणाला, "बुवा, मले येत नाही जी एवढं." मी म्हणालो, "म्हणूनच देतो."

मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मीही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी हरिपाठाला पाहतो, तो टाळ घेऊन शेवटच्या ओळीत, वीणेच्या अगदी पुढे उभा. नव्या विणेकऱ्याला पुढचे चरण आठवेना तेव्हा त्याने हळूच, दुसऱ्यांना कळू न देता, ते धरून दिले. मला वाटले, याचाही अभ्यास आज सुरू झाला; आणि माझाही.

आता त्या मुलाला पूर्ण उत्तर देता येईल. बेटा, पुढे पताका असते, कारण वाट तिची आहे, माणसाची नाही. विणेकरी मागे असतो, कारण जो मागे राहिला त्याला घेऊन यायचे आहे. आणि वीणा गळ्यात असते, कारण ती आपली नाही. पुढच्या गळ्यात द्यायची आहे.

वाचकांनी या महिन्यात एवढा अभ्यास करावा. रोज रात्री हरिपाठानंतर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आज माझ्यामुळे कोण मागे राहिले? आज मी कोणापासून काय शिकलो, विशेषतः आपल्यापेक्षा लहानापासून? आज केलेले काम माझ्यापुरते होते की कोणाच्या उपयोगी पडले? घरात, दुकानात, शेतात, कचेरीत, जिथे ज्याच्या हाती चार माणसे असतील, तिथे त्याच्या गळ्यात वीणाच आहे असे समजावे. उत्तर रोज चांगले येईलच असे नाही. माझे येत नाही. पण प्रश्न सोडू नये.

चुकलेमाकले असेल ते माझे. बरे असेल ते संतांचे.

रामकृष्ण हरि.